एका कालव-पेढीची १३४ वर्षे

अमेरिकेतील मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते, त्या प्रदेशात नदीचे गोडे आणि समुद्राचे खारे पाणी एकमेकांत मिसळते. अशा मचूळ पाण्यात कालवांची वाढ उत्तम होते. कोकणच्या खाड्यांमधील खडकांवरून ओहोटीच्या वेळी जी कालवे काढली जातात, त्यांच्याच कुळातील ही एक जात होय. तिच्यावर न्यू ऑर्लीन्स शहरात उभ्या राहिलेल्या एका कौटुंबिक पेढीचा इतिहास उद्बोधक आहे.

पेढीची उभारणी

१८७६ साली जॉन पोपिच या क्रोएशियन स्थलांतरिताने कालवे वाढवून विकण्यास प्रारंभ केला. पुढे जोसेफ ज्युरिसिच त्यांचे भागीदार झाले व दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पेढीस ‘पी अँड जे’ हे नाव मिळाले. कालांतराने आल्फ्रेड सन्सेरी पेढीत आले आणि त्यांच्या कुटुंबाच्या पुढील पिढ्यांनी हा व्यवसाय सांभाळला. १९२१ पासून रॅम्पार्ट व टुलूस या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील इमारतीत कालवे सोलण्याचे काम चाले.

कामाची पद्धत

कालवाचे पिलू कठीण पृष्ठभागाला चिकटूनच वाढते. त्यासाठी लुईझियानातील कालव-उत्पादक राज्य शासनाकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या पाण्याखालील जमिनीवर रिकामे शिंपले पसरतात. तयार कालवे पोत्यांतून पेढीवर येत. कुशल कामगार सुरीने शिंपला उघडून आतील स्नायू कापीत. नंतर मांस धुऊन, डब्यांत भरून उपाहारगृहांकडे रवाना होई.

२०१० चे संकट

२० एप्रिल २०१० रोजी आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. कालवांची क्षेत्रे एकामागून एक बंद करण्यात आली. तेल किनाऱ्यापासून दूर राहावे, या हेतूने राज्य शासनाने नदीचे गोडे पाणी खाड्यांत सोडले. दलदलीच्या रक्षणासाठी योजलेला हा उपाय कालवांना मात्र बाधक ठरला. पाण्यातील क्षार फारच घटल्याने काही क्षेत्रांत कालवे मोठ्या प्रमाणावर मेली. मासा दूर पळू शकतो. एकदा चिकटलेले कालव जागा सोडू शकत नाही.

माल मिळेनासा झाल्याने १० जून २०१० रोजी पेढीने कालवे सोलण्याचे काम थांबविले. अनेक वर्षे सुरी चालविणाऱ्या कामगारांचा रोजगार गेला. इतरत्र सोललेली कालवे आणून ग्राहकांना पुरविण्याचे काम तेवढे पेढीने चालू ठेवले.

बोध

पेढीजवळ भांडवल, कसब व ग्राहक हे तिन्ही होते. नव्हता तो केवळ पाण्यावरील ताबा. खाडीच्या मुखाशी येणाऱ्या पाण्याविषयी कोणताही निर्णय घेताना, त्या पाण्यावर कोणाची चूल पेटते याची नोंद आधी घेतली जाणे अगत्याचे आहे.