खडकातील घर आणि समुद्रातील मडके

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३०:२४-२८



वरील शास्त्रपाठात चार लहान प्राण्यांच्या शहाणपणाचे वर्णन आहे. त्यांपैकी एक बलहीन असूनही खडकात आपले घर करितो. त्याच पंक्तीस बसविता येईल असा एक प्राणी समुद्रात आहे. त्यास अष्टपाद किंवा ऑक्टोपस म्हणतात. कोकणच्या बाजारात मिळणारे माकूल हे त्याचेच आप्त होय. आज आपण त्याच्या घराविषयी विचार करू.

अष्टपादाच्या देहात एकही हाड नाही, व अंगावर शिंपल्याचे कवचही नाही. पोपटासारखी चोच हाच काय तो त्याचा मुख्य कठीण भाग. म्हणून जेथून चोच पार होते, तेथून बहुधा सर्व अंग पार होते. पण हेच मऊ अंग वाम, मोठे मासे, सील व डॉल्फिन यांचे आवडते भक्ष्य आहे. रंग पालटणे व शाई सोडून निसटणे या युक्त्या निर्माणकर्त्याने त्यास दिल्या आहेत खऱ्या. तथापि विसाव्यासाठी त्यास घर हवेच.

ते घर म्हणजे खडकातील एखादी कपार. अष्टपाद आतील वाळू व खडे पाण्याच्या फवाऱ्याने बाहेर लोटितो, आणि दाराशी दगड व शिंपले रचून वाट अरुंद करितो. बर्म्युडा बेटाजवळील अष्टपादांची ही घररचना जेनिफर मॅदर या विदुषींनी पाहिली व १९९४ साली प्रसिद्ध केली. तो शिकार करून खेकडे व शिंपले पुष्कळदा घरी आणून खातो, आणि टरफले दाराबाहेर टाकितो. त्या ढिगावरून जाणते लोक त्याचे घर ओळखितात.

मादीचे घर तर पाळण्याचे स्थान होते. भूमध्य समुद्रातील मादी लाखाच्या वर अंडी घालिते. तांदळाच्या कणीएवढी ती अंडी भाताच्या लोंब्यांप्रमाणे छताला टांगलेली असतात. ती त्यांवर सतत ताजे पाणी सोडिते, त्यांस स्वच्छ ठेविते, बहुतेक अन्न वर्ज्य करिते, आणि पिले बाहेर पडल्यावर लवकरच मरण पावते. आईने लेकरांसाठी स्वतःस झिजविणे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. येथे समुद्राच्या तळाशीही तेच दिसते.

आता पाठाच्या मुख्य भागाकडे वळू. ज्या भूमध्य समुद्रातून प्रेषित पौलाने प्रवास केला, त्याच्या किनाऱ्यावरील कोळी फार प्राचीन काळापासून अष्टपाद धरण्यासाठी मातीची मडकी वापरीत आले आहेत. जपानातही ही रीत आहे. लांब दोरीला अनेक मडकी बांधून ती तळाशी सोडितात व काही दिवसांनी ओढून घेतात. मडक्यास झाकण नसते, आत आमिषही नसते. अंधारी, अरुंद तोंडाची जागा पाहून अष्टपाद आपण होऊन आत शिरतो. मडके वर ओढू लागले म्हणजे दार उघडे असताही तो पळत नाही. उलट आतील भिंतीस अधिकच चिकटून राहतो, कारण तेच आपले घर असे तो समजतो. यात कोळ्यास दोष नाही, तो पोटासाठी श्रम करितो. परंतु एक गोष्ट ध्यानात धरावी : जेथे तळ रेताड असून कपारी थोड्या, तेथे ही मडकी चांगली भरतात. आमिषाची गरज पडत नाही, कारण निवाऱ्याची गरज हेच आमिष होते.

बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यांतही अशी मडकी सोडलेली आहेत. घरात आजार आला, मुलीचे लग्न ठरले, पेरणी वाया गेली, की कोणी गोड बोलून कागदावर अंगठा घेतो व लागलीच पैसे मोजतो. त्या दिवशी तो आसराच वाटतो. दोरी कोणाच्या हाती आहे हे पुढे कळते, आणि तेव्हाही मनुष्य त्याच दाराला चिकटून राहतो. अशा बांधवास ‘तू मूर्ख आहेस’ असे म्हणणे सोपे आहे. पण आपण स्वतःस विचारावे : तो मडक्यात शिरला, तेव्हा मंडळीत त्याच्यासाठी एखादी कपार मोकळी होती काय? स्तोत्रकर्ता परमेश्वरास खडक म्हणतो. त्या खडकावर उभारलेल्या मंडळीत संकटातील शेजाऱ्यास मूठभर धान्य, वेळेवरची मदत, व कागद वाचून दाखविणारा एक विश्वासू मनुष्य मिळू नये काय?

मननासाठी प्रश्न

१. आमिष नसताही अष्टपाद मडक्यात का शिरतो?
२. दार उघडे असूनही तो बाहेर का पडत नाही?
३. आपल्या गावात या आठवड्यात कोणास आसऱ्याची गरज आहे, आणि त्याच्याकडे आपल्यापैकी कोण जाईल?