सोबतीच्या जनावराचा हिशेब

कथेतल्या वीराशेजारी एखादे जनावर उभे करण्याची हौस फार जुनी आहे. खंडोबाच्या चित्रात घोडा आणि कुत्रा असतोच. महाभारतात युधिष्ठिराच्या शेवटच्या वाटचालीत एक श्वान त्याची साथ सोडत नाही. या सोबतीचा हिशेब वाचक कधी करीत नाही, आणि त्याला तशी गरजही नसते. पण हीच कल्पना खेळात आणली की हिशेब करावाच लागतो. कारण तेथे आपल्याबरोबर आणखी चौघे बसलेले असतात आणि प्रत्येकाला आपापला वाटा हवा असतो. तो हिशेब कसा मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खेळाचा परिचय

या प्रकाराला भूमिका-खेळ म्हणता येईल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू तोंडी सांगतो, आणि ते साधले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्र कोणत्या ना कोणत्या वर्गातले असते : लढवय्या, मांत्रिक, चोर वगैरे. छापील वर्ग पुरेनासे झाले की खेळाडू स्वतःचे वर्ग रचू लागतात. मी रचलेला वर्ग ‘गुराखी’ हा आहे. त्याच्याजवळ काठी, कोयता, इरले आणि मोती नावाचा कुत्रा. खेळ साखरशेतच्या शिवारात, पावसाळ्याच्या दिवसांत घडतो असे धरले आहे.

तोल म्हणजे काय?

तोल म्हणजे सारखेपणा, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. वाघ-बकरीचा पटावरचा खेळ आठवा. नेपाळात खेळल्या जाणाऱ्या त्याच्या प्रकारात २५ बिंदूंच्या पटावर ४ वाघ आणि २० बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला खाता येत नाही, पण बकऱ्यांनी चारही वाघ कोंडले की वाघ हरतो. दोन्ही बाजू मुळीच सारख्या नाहीत, तरी खेळ रंगतो.

भूमिका-खेळात तर खेळाडू एकमेकांविरुद्ध नसून एकाच बाजूचे असतात. तेथे तोलाचा अर्थ वाट्याला येणारा वेळ आणि उपयोग. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंगे एकामागून एक येतात, नाचतात आणि पुढच्याला जागा देतात. एकाच सोंगाने रात्र अडवली तर बाकीच्यांनी मुखवटे चढवून करायचे काय? कुत्रा बाळगणाऱ्या पात्राचा धोका नेमका हाच असतो. एक खेळाडू, पण पात्रे दोन!

आकड्यांचा हिशेब

समजा, लढवय्या आपल्या पाळीत एक वार करतो. फाशावर ११ किंवा अधिक पडले तर वार लागतो, म्हणजे २० पैकी १० वेळा. लागलेला वार सरासरी ६ दम कमी करतो. तेव्हा दर पाळीची सरासरी ३. गुराख्यालाही तेवढाच वार दिला आणि शिवाय मोतीलाही दिला, तर दोघांची सरासरी ६ होते. लढवय्याने मग घरीच बसावे!

म्हणून गुराख्याच्या काठीला ४ आणि मोतीच्या चाव्याला २ दिले. निम्मे वार चुकतात हे धरून सरासरी २ आणि १, मिळून ३. लढवय्याचा दम २४ असेल, तर गुराख्याचा १६ आणि मोतीचा ८. सोबत फुकट मिळत नाही; तिची किंमत धन्याच्या वाट्यातून वळती झाली पाहिजे, हे पहिले सूत्र.

पण बेरीज जुळली म्हणून तोल जुळत नाही. दोन देह एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतात, आणि शत्रूचा घाव कुत्र्यावर गेला की धनी वाचतो. यासाठी दुसरे सूत्र : हाक. मोतीला पाळीत एकदाच हाक मारता येते. हाक नसेल तर तो केवळ स्वतःला सांभाळतो. दोघांचे फासे एकदमच टाकायचे, म्हणजे वेळही दुप्पट जात नाही.

हे बंधन उलट बाजूने फार आवळले तरी बिघडते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पुस्तकात जनावर बाळगणारा वनरक्षक आहे. सुरुवातीच्या पायऱ्यांवर त्याने जनावराला हल्ला करायला सांगितले की त्याचा स्वतःचा वार जाई. जनावर म्हणजे ओझेच, अशी तक्रार पुष्कळ झाली. २०२० च्या पुरवणी पुस्तकात पाळीतल्या छोट्या जादा कृतीवर आज्ञा देण्याची सोय आली, आणि धनी व जनावर दोघेही कामाचे ठरले.

भुंकण्याची किंमत

आपल्याकडे वाघबारशीला गुराखी वाघदेवाला पुजतात. म्हणून माझ्या खेळात बिबट्या मारणे हा विजय मानलेला नाही. संध्याकाळी गुरे मोजून गोठ्यात आणणे हा विजय आहे. असे ठरवताच मोतीच्या चाव्यापेक्षा त्याच्या भुंकण्याला मोल येते. प्रहरात एकदा तो धोक्याची चाहूल देतो, आणि ती सर्वांनाच उपयोगी पडते. जी शक्ती सगळ्यांच्या कामी येते तिचा हेवा कोणी करीत नाही. हे मला या रचनेतले सर्वांत महत्त्वाचे सूत्र वाटते.

मोतीचा दम संपला तर? तो मरत नाही. लंगडत झुडपात शिरतो आणि रात्रभराच्या विश्रांतीनंतर परततो. तोवर गुराखी ३ ऐवजी २ वर भागवतो. जनावर पुन्हा विकत घेता येते असा नियम केला, तर खेळाडू त्याला ढालीसारखे पुढे लोटतात. मग ते सोबती कसले? ते हत्यारच झाले.

एक सावधगिरी

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ‘गुराखी’ हा धंदा आहे, जमात नव्हे. वारली म्हणजे जन्मतः नेमबाज, कातकरी म्हणजे जन्मतः शिकारी, असे वर्ग रचायला सोपे असतात. पण ज्या बाकावर आपण बसतो त्याच बाकावर त्या जमातींची मुले-मुलीही बसतात. त्यांना आपली माणसे आकड्यांच्या तक्त्यात जन्मजात गुणांसह छापलेली पाहावी लागणे हा खेळ नव्हे. मूळ खेळाच्या प्रकाशकांनीही २०२४ च्या पुस्तकात ‘वंश’ हा जुना शब्द टाकून दिला. गुराख्याचे कसब शिकून येते. म्हणून ते कोणत्याही पात्राला शिकता आले पाहिजे.

नवा वर्ग रचणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. जनावर बाजूला काढले तर हा माणूस कामाचा उरतो का? आणि जनावर सोबत असताना शेजारचा खेळाडू रिकामा बसतो का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले, की रचना साधली असे समजावे. ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांना वही, पेन्सिल, एक फासा आणि चार मित्र पुरेत.