गिअरबॉक्सचा सेन्सर बदलण्याआधी

बाबू, आपल्या नरखेड तालुक्यात पोकलेन भरपूर दिसतात, पण ही गिअरबॉक्सच्या सेन्सरची भानगड पोकलेनची नाही. नाला खोलीकरणाला येणारी पोकलेन ट्रॅव्हल मोटरवर चालते, तिला असला गिअरबॉक्सच नसतो. जेसीबीचे गिअरही बहुतेक हातानेच टाकायचे असतात. ही तक्रार येते ती क्रशरवरच्या व्हील लोडरची आणि काटोल, जलालखेडा, वरूडकडच्या रस्त्याच्या कामांवर फिरणाऱ्या ग्रेडरची. ऑपरेटर सांगतो, गाडी दुसऱ्याच्या वर जात नाही, गिअर पडताना दणका मारते, स्पीडचा काटा मेला. स्कॅनर लावला की स्पीड सेन्सरचा कोड निघतो. मग नागपूरहून सेन्सर मागवायचा, तो येईपर्यंत गाडी उभी, आणि बसवल्यावर पुन्हा तोच कोड. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

कोड वाचला म्हणजे दोष सापडला, असं कधीच समजू नको. बऱ्याच गाड्यांत 191 म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग आणि 161 म्हणजे आत येणाऱ्या शाफ्टचा. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, ते त्यांच्या पुस्तकातच बघायचे. खरी माहिती मागच्या छोट्या आकड्यात असते. 5 आला तर सर्किट कुठेतरी तुटलंय. 3 म्हणजे व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी. तिथे वायर कुठे चिकटली, कुठे घासली, ते आधी शोध. 2 किंवा 8 आला तर सिग्नल येतोय, पण तुटक किंवा विचित्र येतोय. तेव्हा सेन्सरचं टोक, गॅप आणि आतल्या गिअरचे दात यांच्याकडे बघायचं. हा मागचा आकडा न विचारता पाना उचलू नको.

गाडीखाली जायच्या आधी बकेट जमिनीवर टेकव, चाकांना ओट लाव आणि लोडर असेल तर मधल्या सांध्याचा लॉक दांडा घाल. इंजिन चालू असताना त्या सांध्यात हात, डोकं काहीही घालायचं नाही. चालत्या गाडीवर रीडिंग घ्यायचं असेल तर मीटरच्या वायरी लांब कर, त्या नीट बांधून केबिनपर्यंत आण, ओट आणि दांडा काढ आणि मोकळ्या जागेत पहिल्या गिअरवर गाडी चालवून बघ. यात कुणाची घाई ऐकायची नाही. मालकाचीही नाही.

आता वायरिंग. आपली काळी माती पावसाळ्यात गिअरबॉक्सच्या डोक्यावर साचते आणि ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात तीच दगडासारखी होते आणि वायरीला ओढ देते. म्हणून आधी माती काढ, पण प्रेशरचं पाणी कनेक्टरवर सरळ मारू नको. नंतर कनेक्टर उघडून उजेडात धर. पिनांवर हिरवट थर, एखादी मागे सरकलेली पिन, फाटलेलं रबरी सील, आत अडकलेला पाण्याचा थेंब, हे सगळं डोळ्यांना दिसतं, त्याला मीटर लागत नाही. संत्र्याच्या बागेशेजारी किंवा गोदामाजवळ गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदराचे दातही शोध. आणि वायरीच्या कव्हरला सुई टोचून रीडिंग घ्यायची सवय लावून घेऊ नको. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तांबं आतून काळं-हिरवं पडतं.

एका क्रशरवरच्या लोडरचं सांगतो. कोड यायचा तो फक्त डावीकडे वळताना. सरळ जाताना गाडी अगदी ठणठणीत. सेन्सर नवा, त्याच्या आधीचाही नवाच होता. मधल्या सांध्यापाशी वायरींची जुडी वाकते, तिथली क्लिप तुटली होती. जुडी खाली लोंबून लोखंडी कडेवर घासत होती. वरून टेप छान गुंडाळलेली, आत एका वायरीचं कव्हर नखाएवढं सोललेलं. डावीकडे वळलं की ते उघडं तांबं बॉडीला टेकायचं. म्हणून ऑपरेटरला नेहमी विचार, केव्हा होतं? वळताना, चढावर, गाडी तापल्यावर, की धुतल्यावर? अर्धा तपास त्याच्या उत्तरात असतो, आणि आपले लोक नेमकं तेच विचारत नाहीत.

सेन्सर दोन जातीचे. एकात चुंबकावर तारेची कॉइल असते, वायरी दोन. गिअरचा दात समोरून गेला की त्यात एसी व्होल्टेज तयार होतं, वेग वाढला की तेही वाढतं. दुसरा हॉलचा, बहुतेक तीन वायरींचा. त्याला सप्लाय द्यावा लागतो, तो सिग्नल वर-खाली असा चौकोनी देतो. काही हॉल सेन्सर दोनच वायरींचे असतात, तेव्हा दोन वायरी दिसल्या म्हणजे कॉइलच, असं धरू नको. हॉलवर ओहम लावून काही कळत नाही. त्याचा सप्लाय आणि ग्राउंड तपास, मग सिग्नल बघ. कॉइलचा ओहम मात्र मोज आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघ. कुठल्याही पिनेपासून सेन्सरच्या बॉडीपर्यंत रस्ता दिसला तर तो सेन्सर गेला.

थंड असताना चांगला आणि तापल्यावर मरणारा सेन्सर सगळ्यात जास्त छळतो. तो काढून सावलीत ओहम मोज, मग त्याचं टोक गरम पाण्यात धर आणि पुन्हा मोज. तांब्याचा ओहम उष्णतेने वाढतोच. पन्नास अंशांनी तापलं तर साधारण वीस टक्के वाढ ही निरोगी कॉइल. आकडा एकदम उडाला, किंवा वायर हलवली की नाचायला लागला, तर आतली तार तुटलेली आहे. एप्रिल-मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीवर मोजलास तर आकडा मुळातच जास्त येईल, तेवढ्यावरून सेन्सर फेकू नको.

सेन्सर काढलाच आहेस तर त्याच्या टोकावर बोट फिरव. राखाडी लेप बारीक झिजेचा असतो, तो पुसून टाक. पण चमकणारे कण किंवा चुऱ्याचे तुकडे चिकटलेले असतील तर तिथेच थांब. ऑइल फिल्टर कापून बघ. कारण आता प्रश्न सेन्सरचा राहिलेला नाही. आट्यांचा सेन्सर परत बसवताना समोर दात आहे ना, दोन दातांमधली खाच नाही ना, हे आधी बघ. मग हलक्या हाताने टेकव आणि पुस्तकात सांगितलंय तेवढाच मागे फिरव. दीड मिलिमीटर पीचच्या आट्याला अर्धा फेरा म्हणजे पाऊण मिलिमीटर गॅप.

मीटरचीही एक गोष्ट लक्षात ठेव. गिअरला 60 दात आणि शाफ्ट 1500 फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला 1500 ठोके येतात. स्वस्त मीटरचा एसी व्होल्टचा आकडा एवढ्या वेगाला खोटा पडतो. त्यापेक्षा हर्ट्झवर लाव. दात गुणिले फेरे भागिले साठ, हा हिशोब जुळला तर सेन्सर प्रामाणिक आहे.

आणि तो प्रामाणिक असूनही कोड येतो, हे तुला पक्कं कळायला हवं. कंट्रोलर टर्बाइनचा, म्हणजे आत येणाऱ्या शाफ्टचा, वेग आणि बाहेरच्या शाफ्टचा वेग ताडून बघतो. त्या गिअरला जे प्रमाण यायला पाहिजे ते आलं नाही की तो ओरडतो. क्लच घसरत असेल तर दोन्ही सेन्सर खरं बोलतात आणि तरी दोष त्यांच्यावर येतो. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन 1000 वर धर, टर्बाइन जवळपास तेवढंच दाखवेल. आता इंजिन स्लोवर आण, ब्रेक दाबला की गिअर सोडवणारा डिक्लच स्विच बंद करून, ब्रेक घट्ट दाबून, पहिला गिअर टाक आणि इंजिन स्लोवरच ठेव. टर्बाइन शून्यावर आलं पाहिजे, आणि हे शून्य बिघाडाचं नाही. ते शून्यावर न येता गाडीही जागची हलत नसेल, तर क्लचचं प्रेशर गेज लावूनच पुढे बोल.

शेवटची परीक्षा फुकट आहे. एकाच पार्ट नंबरचे दोन सेन्सर गाडीत असतील तर त्यांची अदलाबदल कर. कोड सेन्सरसोबत दुसऱ्या जागी गेला तर नवा मागव. जागचा हलला नाही तर वायर, गिअर किंवा कंट्रोलर. वेल्डिंग झालेली गाडी असेल तर ते करताना बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढले होते का, हेही विचार.

काम झालं की कोड पुसून टाक, ऑइल गरम होईपर्यंत भरल्या बकेटने गाडी चालव आणि सगळे गिअर वर-खाली करून बघ. तेव्हाचे आकडे वहीत उतरव. सेन्सरचा ओहम, न्यूट्रलचा टर्बाइन वेग, प्रत्येक गिअरचं प्रेशर, गाडीचे तास. तीच गाडी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येईल, तेव्हा पुस्तकाच्या आधी हे पान उघड.