संत्र्याच्या धंद्यासाठी संस्थेची निवड व कर

वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुका हा नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात मोडतो. येथील अनेक बागाईतदार आंबिया वा मृग बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकून मोकळे होतात. तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणे व दूरच्या बाजारपेठेत माल पाठविणे या कामांतील नफा अर्थातच व्यापाऱ्याच्या पदरी पडतो. हा नफा गावात राहावा या हेतूने शेतकरी एकत्र येतात तेव्हा सहकारी संस्था काढावी, भागीदारी करावी की कंपनी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर संस्थेच्या नावात शोधू नये. फळ कोणाचे आणि त्यावर कोणते काम करावयाचे, हे आधी ठरवावे. कर त्यावरून ठरतो.

शेतीचे उत्पन्न कोठे संपते?

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. १९६१ च्या कायद्यातील हे तत्त्व १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतील फळे तोडून, निवडून, पेटीत भरून विकली तरी ते शेतीचेच उत्पन्न होय; कारण माल बाजारयोग्य करण्याची ती नेहमीची रीत आहे. स्वतः वाढविलेल्या कलमा-रोपांच्या विक्रीचे उत्पन्नही शेतीचेच मानले जाते.

मात्र दुसऱ्याची फळे विकत घेऊन विकल्यास होणारा नफा व्यापाराचा ठरतो. दुसऱ्याच्या बागेतील उभा बहार घेणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. स्वतःच्या फळांचा रस काढून विकल्यास फळाच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा व उरलेला नफा धंद्याचा, अशी विभागणी होते.

चार स्वरूपे

१. एकट्याचा धंदा. यात व्यक्तीला लागू असलेल्या टप्प्यांप्रमाणे कर बसतो. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षी १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सामान्यतः पूर्ण सूट आहे. तथापि, धंद्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेल्यास कराचा टप्पा ठरविताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाते, हे बागाईतदाराने विसरू नये.

२. भागीदारी. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर बसतो. काम करणाऱ्या भागीदारांचे वेतन ठरावीक मर्यादेत खर्ची टाकता येते. भागीदाराला मिळालेल्या नफ्याच्या वाट्यावर पुन्हा कर नाही.

३. सहकारी संस्था. महाराष्ट्रात तिची नोंदणी १९६० च्या कायद्याखाली होते. सभासदांनी पिकविलेल्या मालाच्या विक्रीतून झालेल्या नफ्याची पूर्ण वजावट मिळते. विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर ही वजावट हातची जाते.

४. उत्पादक कंपनी. २००२ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात. १०० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या अशा कंपन्यांना पात्र नफ्यावर मिळणारी पूर्ण वजावट २०१८-१९ ते २०२३-२४ या वर्षांपुरतीच होती. ती अजून चालू आहे असे समजून कोणी कंपनी काढू नये.

एक हिशेब

समजा, वीस बागाईतदारांच्या गटाला सर्व खर्च वजा जाता ६ लाख रुपये नफा झाला. तो केवळ सभासदांच्या संत्र्यांच्या विक्रीचा असेल, तर सहकारी संस्थेला त्यावर आयकर शून्य. भागीदारीत तेवढ्याच करपात्र नफ्यावर १,८७,२०० रुपये. उत्पादक कंपनीने २२ टक्क्यांचा पर्याय घेतला, तर अधिभार व उपकर धरून १,५१,००८ रुपये.

आता हाच नफा विजेच्या यंत्रावर रस काढून मिळाला असे धरू. सभासदांच्या मालावरील प्रक्रियेची पूर्ण वजावट यंत्रशक्तीविना केलेल्या कामापुरतीच असल्याने ती येथे मिळणार नाही. सहकारी संस्थेने २२ टक्क्यांचा पर्याय घेतल्यास तिलाही १,५१,००८ रुपयेच भरावे लागतील. शिवाय तो पर्याय घेतल्यावर फळविक्रीची वजावटही सुटते, आणि एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही. म्हणून दोन्ही कामे करणाऱ्या संस्थेने आधी दोन्ही रीतींनी आकडेमोड करून पाहावी.

उसाच्या भावाचा धडा

नफा उरण्याऐवजी सभासदांनाच चढा भाव द्यावा, असा विचार साहजिक आहे. परंतु तेथेही सावधगिरी हवी. सहकारी साखर कारखान्यांनी दिलेला जादा ऊसदर हा खर्च की नफ्याची वाटणी, हा वाद कित्येक वर्षे चालला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे ठरविले की, त्या दरात नफ्याचा जो अंश असेल तो खर्च धरता येणार नाही. सरकारने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतचा ऊसदर २०१६-१७ या आकारणी वर्षापासून खर्च म्हणून मान्य झाला, आणि त्याआधीच्या वर्षांसाठी २०२३ मध्ये कायद्याने दिलासा दिला. संत्र्याला असा सरकारी दर नाही. म्हणून फळ घेण्याच्या दिवशीचा बाजारभाव लिहून ठेवावा व सभासदांना द्यावयाचा भाव हंगामापूर्वीच ठरावाने निश्चित करावा.

वस्तू व सेवा कर

ताज्या संत्र्यावर हा कर नाही. रसावर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास सामान्यतः ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण रसाची एक खेपही परराज्यात विकावयाची असेल तर नोंदणी आवश्यक आहे.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

(अ) गटाच्या बैठकीत पुढील तीन वर्षांत करावयाची कामे फळ्यावर लिहून घ्यावीत.
(आ) सभासदांचा व बिगरसभासदांचा माल वेगळ्या वह्यांत नोंदवावा. वजावट फक्त पहिल्यालाच आहे.
(इ) फळविक्री व प्रक्रिया यांचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत.
(ई) नोंदणीपूर्वी त्या वर्षीचे दर कर सल्लागाराकडून तपासून घ्यावेत.

कराची सूट आज असते, उद्या नसते, हे उत्पादक कंपन्यांच्या उदाहरणावरून दिसून येते. सभासद आपले फळ संस्थेलाच देतील आणि हिशेब सर्वांसमोर वाचला जाईल, एवढी खात्री ज्या स्वरूपात वाटेल तेच प्रथम विचारात घ्यावे. फळच आले नाही, तर करमुक्त संस्थेचाही उपयोग नाही.