बिअरला संत्र्याचा वास कसा लावावा

ओरेगनमध्ये घरी बिअर करणं हा गॅरेजमधला चारचौघांसारखा छंद. 1978 च्या कायद्याने अमेरिकेत त्याला मोकळीक मिळाली: एकट्या प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर 200. विकायची मात्र नाही. पुण्याहून येणारे पाहुणे कृती विचारतात, तेव्हा आधी सांगते की महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे. मी करते ती बेल्जियन धाटणीची, गव्हाची, संत्र्याच्या वासाची बिअर. खालची मापं 19 लिटरची.

1. रस घालू नका. त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतो नुसता आंबटपणा. संत्र्याचा वास सालीतल्या तेलात असतो. तीन-चार फळांची साल पुरते.

2. साल किसताना नारिंगी थर गेला की थांबा. खालच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. कडूपणाला हॉप्स आहेतच. किसण्याआधी गरम पाण्याने घासून सालीवरचं मेण काढा.

3. उकळताना स्वयंपाकघर घमघमलं तर खूश होऊ नका. तो वास पातेल्यातून निघून चाललेला असतो. तासभर उकळलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटच्या पाच मिनिटांत घातलेले वास देतात. सालही शेवटीच घाला. वास कमी वाटला तर आणखी थोडी साल दोन-तीन दिवस व्होडकात भिजवायची आणि आंबवणं संपल्यावर तो अर्क चव घेत घेत, चमच्याने घालायचा.

4. धण्यांना कमी लेखू नका. बेल्जियममधल्या होगार्डन गावात ही बिअर बंद पडली होती. पिएर सेलिस यांनी 1960 च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. तिच्यातही संत्र्याची साल आणि धणे असतात. धण्यातलं लिनालूल संत्र्याचा वास उचलून धरतं. इंडियन स्टोअरमधले ताजे धणे 15 ग्रॅम घ्या, जाडसर कुटा. भाजू मात्र नका, नाहीतर पेल्यात गोडा मसाला येईल.

5. फळाशिवायही हा वास मिळतो. 1972 साली ओरेगनमधून बाहेर आलेल्या कॅस्केड हॉप्सना ग्रेपफ्रूटचा वास आहे. सिट्रा हॉप्स त्याहून भडक. आंबवणं ओसरल्यावर थंड बिअरमध्ये तीन-चार दिवस टाकून ठेवले, तरी काम होतं.

6. उकळून गार झाल्यावर बिअरला जे जे लागेल ते जंतुमुक्त हवं: नळी, झाकण, चमचासुद्धा.

7. बाटल्या भरायची घाई नको. हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही, की मगच फेसासाठी सुमारे 115 ग्रॅम साखर विरघळवून घाला. आंबवणं अर्धवट असताना भरलेली बाटली फुटते. बाटल्या तपकिरी घ्या. उजेड लागला की हॉप्सना उग्र, कुबट वास येतो.

8. फेस धरायला दोन आठवडे द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनेक महिन्यांत संपवा. खास पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. लिंबाचं लोणचं मुरतं. ही बिअर नुसती उतरते.