घरच्या राउटरला गाळणी

इंटरनेट फिल्टर करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असा बऱ्याच घरांत समज आहे. खरं तर काम राउटरमध्येच होतं. साइटचं नाव टाईप केलं की मोबाईल आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, ‘याचा आयपी अ‍ॅड्रेस काय?’ राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.३ भरा. अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट्सना ०.०.०.० असं उत्तर येतं, पान उघडतच नाही. क्लाउडफ्लेअरने ही फुकट सेवा २०२० मध्ये सुरू केली. (गाळणी हा शब्द आईचा. मी फिल्टरच म्हणते.)

पण डीएनएसला फक्त नाव दिसतं, पान नाही. एक पान नको असेल तरी अख्खी साइट जाते. २००३ मध्ये सरकारने याहूचा एकच ग्रुप बंद करायला सांगितला, आणि आयएसपींनी सगळेच याहू ग्रुप्स अडवले! तिथे आयपी अडवला होता, पण गोची तीच.

शिवाय पळवाटा आहेतच. साधे डीएनएस प्रश्न पोर्ट ५३ वर पकडता येतात; डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मात्र पोर्ट ४४३ वरून, नेहमीच्या वेब ट्रॅफिकमध्ये मिसळून जातं. आणि मोबाईल डेटा चालू केला, की राउटरचा संबंधच संपला.

म्हणून पप्पांना मी स्पष्ट सांगितलं, फिल्टर लावते, पण नववीतल्या भावाला सांगून. चोरून लावला तर बायोलॉजीची एखादी चांगली साइट अडकल्यावर तो विचारायलाही येणार नाही. पप्पा म्हणाले, “मग लॉग तरी बघत जा.” तो मी बंदच ठेवलाय. त्यात सगळ्यांचंच दिसतं, पप्पांचंही.