डोके सुटले, तरी मूल वाचले

प्रश्न : ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात एका लहानग्याचे डोके मानेपासून आतल्या आत सुटले आणि डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले, असे वाचले. हे खरे असेल तर ते मूल जगले कसे?

उत्तर : खरे आहे. २०१५ सालची ही घटना. मूल अवघे १६ महिन्यांचे होते. ब्रिस्बेनमध्ये डॉ. ज्योफ ॲस्किन यांनी सुमारे सहा तास शस्त्रक्रिया केली. ‘डोके सुटले’ म्हणजे कवटी आणि मानेचे वरचे मणके एकमेकांना बांधून ठेवणारे अस्थिबंध फाटले. त्या मणक्यांतून उतरणारा मज्जारज्जू वाचला, म्हणून मूल वाचले. श्वासपटल हलवणारी नस मानेतच, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवर उगम पावते. त्या पातळीच्या वर रज्जू तुटला तर श्वास जागच्या जागी थांबतो.

लहान मुलांनाच हा धोका अधिक का? त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड, मानेचे स्नायू कोवळे, अस्थिबंध सैल. मोठ्यांची मान बहुधा खालच्या भागात मोडते, लहानग्यांची अगदी वर. क्ष-किरणात हाड धड दिसले तरी रज्जूला इजा असू शकते, म्हणून एमआरआय लागतो.

उपचाराचे सारे मर्म एकाच गोष्टीत आहे : मान हलू न देणे. एरवी मान ताणून मणके जागेवर आणतात. इथे तो ताणच घातक ठरू शकतो. ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी बारीक तारेने मणके बांधले आणि बाळाच्याच बरगडीचा तुकडा मध्ये बसवला, म्हणजे हाड हाडाला धरते. मग कवटीभोवती धातूचे कडे, ‘हेलो’, स्क्रूंनी बसवून छातीच्या पट्ट्याला जोडले. कोवळ्या कवटीत स्क्रू जास्त घालतात आणि हलक्या हाताने आवळतात. असे कडे आठवडेच्या आठवडे वागवावे लागते. सांधलेली मान पुढे पूर्वीइतकी वळत नाही, पण मूल चालते, खेळते.

आता मनापासून एक विनंती. अपघातात सापडलेल्या मुलाला आपण कळवळून उचलून छातीशी धरतो. तसे करू नका. श्वास चालू असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर दोन्ही हातांनी डोके आहे तसेच स्थिर धरा आणि १०८ला फोन करा. सपाट फळीवर ठेवताना खांद्यांखाली व पाठीखाली घडी केलेली चादर घाला, नाहीतर मोठ्या डोक्यामुळे मान पुढे वाकते.